विश्लेषण : खाडीच्या चिखलातले गंधक पाऱ्याला रोखते, की माशापर्यंत पोहोचवते?

ओहोटी लागली, म्हणजे मालवणी बोलीत सुकती झाली, की कर्लीच्या खाडीकाठचा चिखल उघडा पडतो. टोपल्या घेऊन बायका तिसऱ्या, खुबे वेचायला उतरतात. पाय घोट्यापर्यंत रुतला की खालून काळाकुट्ट गाळ वर येतो आणि त्याच्याबरोबर नासक्या अंड्यासारखा वास. देवबाग, कोळंब, कालावल. कुठल्याही कांदळवनात हा वास ठरलेला. पायात चांदीचे पैंजण असतील तर ते काही दिवसांत काळवंडतात.

पैंजण काळे करणारा वायू म्हणजे हायड्रोजन सल्फाइड. त्यातले गंधक चांदीला चिकटते आणि चांदीवर काळा थर बसतो. पाण्यात पारा असेल तर हेच गंधक त्यालाही चिकटते, आणि चांदीपेक्षा कितीतरी घट्ट. या चिकटण्याचा संबंध बाजारात टोपलीत येणाऱ्या मोरीशी आणि सुरमईशी आहे. तो थोडा वळणाचा आहे, कारण गंधक या प्रकरणात दोन्ही बाजूंनी खेळते.

पारा आणि गंधक यांचे नाते काय?

हे नाते आपल्याकडे जुन्या वैद्यांना ठाऊक होते. खलात पारा आणि गंधक एकत्र घोटत राहिले की चकाकणारा, निसटणारा पारा हळूहळू दिसेनासा होतो आणि काजळासारखी काळी भुकटी उरते. तिलाच कज्जली म्हणतात. (औषध म्हणून तिचे गुणदोष हा वेगळा विषय.) जमिनीतून पारा निघतो तोही बहुतेक गंधकाशी जखडलेला. त्या लाल खनिजाचे नाव हिंगुळ. कज्जली काळी आणि हिंगुळ लाल, पण रसायन दोघांचे एकच : मर्क्युरी सल्फाइड. पाण्यात जवळजवळ न विरघळणाऱ्या पदार्थांमध्ये त्याचा क्रमांक फार वरचा आहे.

स्वयंपाकघरातही या नात्याची एक खूण आहे. गॅस सिलिंडर गळला तर कळावे म्हणून त्यात उग्र वासाचे मरकॅप्टन मिसळतात. डॅनिश रसायनशास्त्रज्ञ झाइसे यांनी १८३०च्या दशकात या गंधकयुक्त पदार्थांना हे नाव दिले. त्याचा लॅटिन अर्थ ‘पाऱ्याला पकडणारा’. गंधक आणि हायड्रोजन यांची जी जोडी या पदार्थात असते, तीच कुजलेल्या पाल्यात असते, माशाच्या मांसात असते आणि माणसाच्या केसातही असते. पुढची सगळी गोष्ट या जोडीभोवती फिरते.

मालवणात कारखाना नाही, मग पारा येतो कुठून?

वरून येतो. पारा हा असा धातू आहे की तो वाफ होऊन हवेत महिनोन्महिने राहतो आणि कुठल्याही देशाच्या सीमा मानत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०१८ मध्ये केलेल्या जागतिक मोजणीनुसार, २०१५ या एका वर्षात मानवी उद्योगांतून सुमारे २,२२० टन पारा हवेत गेला. त्यातला जवळपास ३८ टक्के छोट्या सोन्याच्या खाणींतला, जिथे सोने वेगळे करायला पारा वापरून तो जाळून टाकतात. सुमारे २१ टक्के वीज केंद्रांसारख्या ठिकाणी जळणाऱ्या कोळशातला.

हा पारा पावसाबरोबर उतरतो. झाडांची पाने तो हवेतून शोषतात आणि गळून मातीत टाकतात. सिंधुदुर्गात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. सह्याद्रीच्या उतारावरचा पालापाचोळा गड आणि कर्ली या नद्या खाडीत आणून ओततात. कुजक्या पाल्यातल्या गंधकाच्या जोड्या पाऱ्याला धरून ठेवतात, त्यामुळे तो वाटेत फारसा सुटत नाही आणि थेट खाडीत येऊन पोहोचतो. प्रमाण अर्थातच नगण्य असते. खुल्या समुद्राच्या एक लिटर पाण्यात ग्रॅमच्या अब्जाव्या भागाचेही काही दशांशच पारा असतो. पाण्यातला हा पारा प्यायल्याने कुणी आजारी पडत नाही. चिंता त्याच्या रूपांतराची आहे.

चिखलात नेमके काय घडते?

खाडीच्या गाळात वरचे काही मिलिमीटर सोडले तर प्राणवायू नसतो. तिथले जिवाणू श्वासासाठी दुसरे काहीतरी शोधतात आणि समुद्राच्या पाण्यात ते मुबलक असते : सल्फेट. समुद्राच्या एका लिटर पाण्यात ते सुमारे २.७ ग्रॅम, तर नद्यांच्या पाण्यात सरासरी दहा-बारा मिलिग्रॅम. म्हणजे दोनशेपटींहून अधिक फरक. सल्फेटवर जगणारे हे जिवाणू पालापाचोळा खातात, सल्फेट ‘श्वासात’ घेतात आणि उच्छ्वासात हायड्रोजन सल्फाइड सोडतात. कांदळवनाचा वास तो हाच.

यातल्या काही जिवाणूंना आणखी एक खोड असते. जवळपास असलेला पारा ते पेशीत ओढून घेतात आणि त्याला कार्बन-हायड्रोजनचा एक छोटा गट चिकटवून बाहेर टाकतात. तयार होतो मिथाइल पारा. साधा पारा माशाने गिळला तरी त्याच्या अंगात फारसा टिकत नाही. मिथाइल पारा टिकतो. मोठ्या माशाने लहान माशाला खाल्ले की तो त्याच्या अंगात साठतो, आणि पाण्यापासून शिकारी माशापर्यंत पोहोचेस्तोवर त्याचे प्रमाण दहा लाख पटींहूनही वाढू शकते.

गाळातले सूक्ष्मजीव हे करतात, हे स्वीडनच्या येन्सन आणि येर्नेलोव यांनी १९६९ मध्ये दाखवले. कोणते सूक्ष्मजीव, याचे उत्तर १९८५ मध्ये अमेरिकेतील न्यू जर्सीच्या कॉम्पो आणि बार्था यांनी दिले. त्यांनी खाडीच्या गाळात मॉलिब्डेट मिसळले. ते फक्त सल्फेटवर जगणाऱ्या जिवाणूंना थांबवते. मिथाइल पारा तयार होण्याचे प्रमाण सुमारे ९५ टक्क्यांनी घटले. चोर सापडला. पुढे २०१३ मध्ये या कामाला लागणारी एचजीसी-ए आणि एचजीसी-बी ही दोन जनुके ओळखली गेली आणि लोखंडावर जगणाऱ्या किंवा मिथेन बनवणाऱ्या काही सूक्ष्मजीवांकडेही ती आहेत, हे कळले. तरी खाडीत मुख्य हात सल्फेटवाल्यांचाच.

मग जास्त गंधक म्हणजे जास्त विष?

इथेच गोष्ट वळते. सल्फेट वाढले की जिवाणू जोमाने कामाला लागतात आणि मिथाइल पारा वाढतो. पण त्यांनीच सोडलेले सल्फाइड साचत गेले की ते पाऱ्याला पकडते आणि कज्जलीसारखा काळा, न विरघळणारा पदार्थ बनवून गाळात बसवते. मग जिवाणूला पाराच मिळत नाही. कारखाना चालू, कच्चा माल बंद. म्हणजे सल्फेट फार कमी असेल तर जिवाणू थंड. सल्फाइड फार साचले तर पारा कुलूपबंद. मधल्या पट्ट्यात, जिथे सल्फेट पुरेसे आहे पण सल्फाइड अजून साचलेले नाही, तिथे मिथाइल पारा सर्वाधिक बनतो.

असा मधला पट्टा फ्लोरिडातील एव्हरग्लेड्स या विस्तीर्ण दलदलीत शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षे अभ्यासला. तिथेही पाऱ्याचा कारखाना दलदलीत नव्हता. पारा मुख्यतः पावसातून येत होता. उसाच्या शेतांत जमीन सुधारण्यासाठी टाकलेले गंधक सल्फेट बनून कालव्यांतून दलदलीत उतरत होते. दलदलीच्या गोड्या पाण्यात सल्फेट मुळात कमीच. थोडे वाढताच जिवाणूंना पंगत मिळाली आणि माशांतला पारा इतका चढला की तो खाण्याबाबत सरकारला सूचना काढाव्या लागल्या. जिथे सल्फेट फारच जास्त होते, त्या कालव्यालगतच्या जागी मात्र मिथाइल पारा तुलनेने कमी आढळला. कुलूप तिथे लागले होते.

मालवणच्या खाड्यांत हा मधला पट्टा एका जागी थांबत नाही. पावसाळ्यात नद्यांचे गोडे पाणी खाडी भरून टाकते, दिवाळीनंतर समुद्राचे खारे पाणी पुन्हा आत सरकते. शिवाय दिवसातून दोनदा भरती, दोनदा सुकती. त्यात कोकणचा जांभा. त्यातले लोखंड नद्या गाळात आणतात आणि ते सल्फाइडशी जुळून काळे आयर्न सल्फाइड बनते. कांदळवनाचा चिखल काळा दिसतो तो पाऱ्यामुळे नव्हे, या लोखंडामुळे. पारा त्या काळ्या कणांनाही चिकटून बसतो.

हा काळा चिखल उन्हात टाकून ठेवला तर काही वेळात तो तांबूस, गंजाच्या रंगाचा होतो. म्हणजे आयर्न सल्फाइड हवेने मोडते आणि त्याला धरून बसलेले धातू मोकळे होऊ लागतात. खाडीतला गाळ उपसणे, ड्रेजर लावणे, कांदळवन तोडून भराव टाकणे या सगळ्यात हेच मोठ्या प्रमाणावर घडते. मर्क्युरी सल्फाइड स्वतः सावकाश मोडते. पण बाकीचा पारा सुटतो, पाण्यात मिसळतो आणि पुन्हा जिवाणूंच्या आवाक्यात येतो. वाळू उपशाबद्दल मालवण तालुक्यात जे वाद होतात ते किनारा खचण्यावरून, खाडीचे पाणी विहिरीत शिरण्यावरून. त्यात गाळाच्या रसायनाचा मुद्दा सहसा निघत नाही. निघायला हवा. सांडपाण्याचेही तसेच. खाडीत सोडलेले सांडपाणी जिवाणूंना आयते खाद्य पुरवते आणि प्राणवायू संपवते. पारा तितकाच राहिला तरी त्याचा जास्त भाग मिथाइल पारा होऊ शकतो.

उल्हास खाडीने काय शिकवले?

महाराष्ट्रात पाऱ्याचे खरे औद्योगिक प्रदूषण झाले ते मालवणपासून दूर, उल्हास खाडीत. कॉस्टिक सोडा आणि क्लोरीन बनवण्याच्या जुन्या पद्धतीत मिठाच्या पाण्यातून वीज सोडताना पाऱ्याचा वाहता थर वापरत. त्यातला काही पारा सांडपाण्याबरोबर बाहेर जाई. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी या खाडीच्या गाळातील पाऱ्याचा अभ्यास केला. त्यांचा निबंध २००३ मध्ये ‘मरीन पोल्युशन बुलेटिन’ या नियतकालिकात आला. त्याच वर्षी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या उद्योगांसाठीच्या सनदेत, पारा वापरणारे सर्व कॉस्टिक सोडा कारखाने २०१२ पर्यंत पाराविरहित मेम्ब्रेन पद्धतीकडे वळवावेत, असे ठरले. पाऱ्यावरील मिनामाता करार भारताने २०१८ मध्ये मंजूर केला.

नळ बंद झाला तरी गाळ राहतो. जुन्या गाळावर नवा गाळ बसत गेला की पारा खोल जातो, सल्फाइडच्या हवाली होतो. तो तिथे पडून राहणे हेच त्यातल्या त्यात बरे.

कराराला ज्या गावाचे नाव आहे त्या जपानमधल्या मिनामाताबद्दल मात्र एक गैरसमज सर्रास दिसतो. तिथे उपसागरात सोडलेला पारा फक्त जिवाणूंनी विषारी केला, असे सांगितले जाते. तसे नव्हते. चिस्सो कंपनीच्या कारखान्यात ॲसिटाल्डिहाइड बनवताना टाकीतच मिथाइल पारा तयार होत होता आणि १९३२ पासून १९६८ पर्यंत तो सांडपाण्यातून थेट समुद्रात जात होता. आधी मांजरे वेडीवाकडी नाचून मेली, मग १ मे १९५६ रोजी माणसांतल्या रोगाची अधिकृत नोंद झाली. दोन हजारांहून अधिक जणांना सरकारने रुग्ण म्हणून मान्यता दिली. मालवणच्या माशाला मिनामाताची भीती दाखवणे म्हणून चुकीचे. प्रमाणांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

मोरी खावी की नाही?

माशाच्या मांसातला मिथाइल पारा चरबीत नसतो. तो प्रथिनांतल्या सिस्टीन या गंधकयुक्त घटकाला चिकटलेला असतो. त्यामुळे कातडी सोलून, चरबी काढून, तिरफळ-कोकम घालून किंवा कुरकुरीत तळून तो जात नाही. उलट तळताना पाणी उडते आणि तेवढ्याच वजनाच्या तुकडीत पारा किंचित वाढतो. माणसाच्या आतड्यातून तो जवळजवळ सगळा शोषला जातो. सिस्टीनसह त्याचा आकार शरीराला लागणाऱ्या एका अमिनो आम्लासारखा दिसतो, म्हणून मेंदूचा पहारा त्याला आत सोडतो. वारेतूनही तो गर्भाकडे जातो, आणि बाळाच्या रक्तात आईपेक्षा जास्त साठतो.

जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञ समितीने २००३ मध्ये मर्यादा ठरवली : आठवड्याला शरीराच्या दर किलो वजनामागे १.६ मायक्रोग्रॅम मिथाइल पारा. ५५ किलो वजनाच्या बाईसाठी हे ८८ मायक्रोग्रॅम होतात. आता अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचे आकडे पाहू. तिथल्या शार्कमध्ये किलोमागे सरासरी ०.९८ मिलिग्रॅम पारा आढळला, सार्डिनमध्ये, म्हणजे आपल्या तारलीच्या जातभाईत, ०.०१३. माशातला पारा बहुतांश मिथाइलच असतो. म्हणजे तशा शार्कच्या जेमतेम ९० ग्रॅममध्ये आठवड्याची मर्यादा संपते आणि तशा तारलीच्या साडेसहा किलोंनंतरही ती ओलांडली जात नाही.

हे आकडे जसेच्या तसे मालवणच्या मोरीला लावता येत नाहीत. तिथले शार्क मोठे आणि वयस्क. आपल्या बाजारात येणारी सोनमुशी पूर्ण वाढूनही जेमतेम दोन फुटांची, कोळंबी आणि बारीक मासे खाणारी. तिच्या अंगात पारा साठायला ना तितकी वर्षे मिळतात, ना तितके मोठे भक्ष्य. टोपलीत काय आहे यापेक्षा ते किती मोठे आहे, हे पाहणे जास्त उपयोगाचे. मोठ्या मोरीची तुकडी, मोठा कुपा, दहा-बारा किलोची सुरमई एकीकडे. तारली, पेडवे, बांगडा, मुडदुसे, कोळंबी दुसरीकडे. भारताच्या अन्नसुरक्षा नियमांतही शिकारी माशांसाठी किलोमागे १ मिलिग्रॅम आणि इतरांसाठी अर्धा मिलिग्रॅम अशी वेगवेगळी मर्यादा आहे.

कोकणात बाळंतिणीला दूध यावे म्हणून मोरी देतात. त्या प्रथेत पाऱ्याच्या दृष्टीने पाहायचे तर बाळंतपणानंतरच्या महिन्यांपेक्षा आधीचे महिने जास्त नाजूक असतात, कारण वारेतून जितका मिथाइल पारा जातो तितका दुधातून जात नाही. म्हणून दिवस राहिल्यावर, किंबहुना राहण्याच्या आधी काही महिने, मोठा शिकारी मासा टाळणे महत्त्वाचे. शरीरातला निम्मा मिथाइल पारा निघून जायला साधारण दीड ते दोन महिने लागतात. मासळी बंद करणे हा त्यावरचा उपाय मात्र नाही. गर्भाच्या मेंदूला लागणारी ओमेगा-३ मेदाम्ले माशातच भरपूर मिळतात, आणि बांगडा-तारलीत ती पापलेटपेक्षाही जास्त असतात. रापणीला लागणारी स्वस्त, बारीक मासळी या हिशेबात महागड्या तुकडीच्या वर बसते.

शरीर पारा बाहेर टाकते त्यातला थोडा भाग केसांत जातो. केस ज्या केराटिनचे बनलेले असतात त्यात गंधक ठासून भरलेले असते आणि केस वाढताना रक्तातला मिथाइल पारा त्याला चिकटतो. म्हणूनच माशातून किती पारा अंगात गेला हे तपासायला केस घेतात. तो महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. बाळंत झालेल्या बाईच्या डोक्याजवळचा नऊ सेंटिमीटरचा केस प्रयोगशाळेत तुकडे करून तपासला, तर गरोदरपणाच्या कोणत्या महिन्यात किती पारा तिच्या रक्तात होता, ते क्रमाने वाचता येते.